दोन माणसांची गाडी

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या देत होतो. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. इथे दोह्यात, अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगखाली, वाण्याच्या दुकानाच्या सावलीत उभा राहून. शुक्रवार होता. दर शुक्रवारी सकाळी तो मला लेकीच्या गाडीतून न्यायला यायचा, मग आम्ही दोघं शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावाला जायचो, तिथल्या एका शेतावरच्या शेडमध्ये ठेवलेली त्याची जुनी गाडी सुरू करायचो, तिला जरा फिरवायचो आणि पुन्हा झाकून ठेवून परत यायचो. आणि दर शुक्रवारी तो उशिरा यायचा. कारण विचारायची सोय नव्हती, कारण एकच असायचं... वाटेत कोणीतरी हात दाखवलेला असायचा. त्या दिवशीही मी दुकानदाराला तेच सांगत होतो, की हा माणूस एखाद्या दिवशी स्वतःच्या अंत्यविधीलाही वेळेवर पोचणार नाही, आधी कुणाला तरी सोडून येईल. आणि फोन वाजला. पास्कूचं नाव दिसलं म्हणून मी फोन उचलल्या उचलल्या म्हटलं, "आज कोणाला घेतलंस?" पलीकडे फिलूवहिनी होत्या, त्याची बायको. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वर जा. उन्हात थांबू नका. तो येणार नाही." बूट घालायला खुर्चीत बसला होता. एक घातला, दुसरा हातात राहिला.

इथल्या मंडळाच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून मला सांगण्यात आलं, कारण मी पास्कलला, म्हणजे पास्कूला, जवळून ओळखत होतो. किती जवळून, हे सांगणाऱ्यांना ठाऊक नसावं. त्याच्या गाडीत मी शेजारी बसलो की त्याला तिसरा गिअर टाकताना माझा गुडघा बाजूला करावा लागायचा. इतक्या जवळून त्याची बायकोसुद्धा त्याला ओळखत नसेल, कारण त्या जागेवर ती कमी बसली आणि बाकीचे जास्त. हा सगळा लेख त्या जागेबद्दलच आहे. माझी चिडचिड अजून गेलेली नाही, ती मधूनमधून वर येईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं, कारण ज्याच्यावर काढायची तो आता ऐकत नाही. तसा तो आधीही ऐकत नव्हता.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं दोह्याला आलो तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो. तो वसईचा, ख्रिश्चन आळीतला, ड्राफ्ट्समन. मी सांगलीकडचा, स्टोअरकीपर. एकच बांधकाम कंपनी, जुन्या बाजारामागची एकच खोली, आणि मध्ये एकच टेबलफॅन, जो तो स्वतःकडे कधी वळवून घ्यायचा नाही. पास्कूला 'नाही' म्हणता येत नसे. मी हे कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. त्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर, त्याची उशी तिसऱ्याच्या डोक्याखाली. आणि त्याला स्वतःला हे चांगलं ठाऊक होतं, तेच जास्त वैताग आणणारं. म्हणायचा, "वसंता, माझ्या तोंडाला तो शब्दच येत नाही रे. दुसऱ्या कोणाकडून तरी म्हणवून घ्यायला पाहिजे."

पहिल्या सुट्टीत तो घरी गेला आणि लग्न करून आला. एकटाच आला. फिलोमिना नर्स होती, आणि तिने येण्यासाठी अट घातली होती. वसईच्या घरात माणसं इतकी, की लग्नानंतरच्या सबंध सुट्टीत नवरा-बायको एकदाही एकटे बसले नव्हते. विहिरीपाशी दोन शब्द बोलायला गेले तर मागून कोणीतरी बादली घेऊन यायचं. त्या विहिरीपाशीच ती त्याला म्हणाली, तू तिकडे गाडी घेशील हे मला माहीत आहे. मोठी घेऊ नकोस. मोठी घेतलीस तर अख्खं गाव भरशील त्यात. दोघांचीच घे. ती घेतलीस की मी येते.

त्या काळी इथे गाडीवाला माणूस म्हणजे काय, हे आजच्या लोकांना सांगून पटणार नाही. ज्याच्याकडे गाडी तो सगळ्यांचा. विमानतळावरून नवीन आलेल्यांना आणायचं त्याने, सुट्टीवर जाणाऱ्यांना सामानासकट पोचवायचं त्याने, शुक्रवारी बाजार त्याने, कोणाचं पोट दुखलं तर दवाखाना त्याने. विचारायची पद्धतच नव्हती. खालून हाक यायची आणि माणूस किल्ली घेऊन खाली जायचा. फिलूने हे सगळं वसईत बसून ओळखलं होतं, आणि पास्कूला तर त्या अटीत देवच दिसला. दोन सीटची गाडी, म्हणजे 'जागा नाही' हे गाडीनेच सांगायचं. त्याला तोंड उघडायला नको.

आता दोन सीटची म्हणजे स्पोर्ट्स कूपे. बुटकी, लांब नाकाची, दोन दारांची. असल्या गाड्या श्रीमंतांच्या पोरांच्या असतात, आणि आमचा ड्राफ्ट्समन निघाला ती आपल्या पगारात बसवायला. इथवर मी समजू शकत होतो. पण त्याला ती पेट्रोल कमी खाणारीही हवी होती. कतारमध्ये. जिथे पेट्रोलपेक्षा प्यायचं पाणी महाग होतं, जिथे लोक गाडी चालू ठेवून दुकानात जायचे आणि मित्र भेटला म्हणून जेवूनच बाहेर यायचे, तिथे हा गृहस्थ प्रत्येक शोरूममध्ये शिरून पहिला प्रश्न टाकायचा, "ॲव्हरेज काय देते?" लेबनीज सेल्समन त्याच्याकडे असा बघायचा की जणू याने गाडी दूध किती देते असं विचारलंय. मी दरवेळी बाहेर येऊन कपाळावर हात मारायचो. त्याचं म्हणणं, गाडी पुढे वसईला न्यायची आहे, तिकडे पेट्रोल परवडणार नाही. मी म्हणायचो, अरे, तुमच्या वसईच्या रस्त्यावर ही जमिनीला घासणारी गाडी पहिल्याच खड्ड्यात बसेल, मग ॲव्हरेज मोजायला कोण उरतंय. तर म्हणायचा, "तोपर्यंत खड्डे बुजतील, इन्शाल्ला."

मी त्याचा सल्लागार. का, तर माझ्या मामाचा ट्रॅक्टर होता. मी कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की इंजिनाचा आवाज ऐकून मी रोग सांगतो. प्रत्यक्षात मला मोटारीचं बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं. पहिल्याच शोरूममध्ये मी ऐटीत पुढे वाकलो आणि ओढायला गेलो, तर त्या गाडीचं इंजिन मागे होतं. तरी पास्कूचा माझ्यावरचा विश्वास ढळला नाही, आणि मी पुढे वर्षभर त्याला सल्ले देत राहिलो. एक इंग्रजी गाडी होती, चिमुकली, हिरवी, उघड्या टपाची. मी तिच्यात बसलो आणि मला उठता येईना. दोन माणसांनी मला काखेत धरून बाहेर काढलं. दोघंही ग्राहक होते, आणि नंतर दोघांनीही ती गाडी घेतली नाही. एक जर्मन होती, तिच्याबद्दल मी म्हटलं की दणकट आहे. पास्कूने ॲव्हरेज विचारलं आणि पुढे चालू लागला. एका अमेरिकन गाडीजवळ त्याने मला थांबूसुद्धा दिलं नाही. म्हणाला, हिच्यात कबड्डी खेळता येईल, फिलू विमानातूनच परत जाईल.

मग ती इटालियन. परत मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाची होती, लाल, इतकी देखणी की पास्कू तिच्याभोवती चपला काढून फिरला असता. साहेबाने चालवून बघायला दिली. पास्कू म्हणाला, ॲव्हरेज आपण स्वतः बघू. त्याची रीत अशी, की बॉनेटखाली पेट्रोलने भरलेली एक बाटली टांगायची, तिची नळी इंजिनला जोडायची आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत चालवायची. जिथे थांबेल तिथवरचा पल्ला म्हणजे एका बाटलीचा हिशोब. परत येण्यासाठी दुसरी बाटली बरोबर ठेवायची, आणि ती आणायचं काम माझ्याकडे. मी आणली. सरबताच्या बाटल्या होत्या, एकीत पेट्रोल, एकीत प्यायचं पाणी, दोन्ही एकसारख्या. उत्तरेच्या रस्त्याला लागलो, तेव्हा तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट, आणि खूप लांब जाऊन गाडी अपेक्षेप्रमाणे थांबली. पास्कू खूष झाला. मी ऐटीत उतरलो, दुसरी बाटली उचलली, नळीला जोडली. गाडी एकदा खोकली, मग गप्प. पुन्हा प्रयत्न केला. मग पास्कूला तहान लागली आणि त्याने उरलेली बाटली तोंडाला लावली...

त्याने ते पेट्रोल थुंकून टाकलं, तोंड शर्टाने पुसलं आणि मला एक शब्दही बोलला नाही. हीच तर त्याची वाईट खोड. बोलला असता तर मी उलटून भांडलो असतो. इंजिनात पाणी गेलेलं, आता पेट्रोल घालूनही काही होणार नव्हतं, म्हणून आम्ही त्या लाल सुंदरीच्या बारक्या सावलीत बसून राहिलो. शेवटी एक पिकअप आला. मागे बकऱ्या, पुढे एक कतारी शेतकरी आणि त्याचा भाऊ. पुढे जागा तिघांचीच होती. शेतकऱ्याने आमच्याकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं, आणि भावाला नुसती मान हलवली. तो भाऊ, चांगला पांढराशुभ्र झब्बा घातलेला माणूस, उतरला आणि मागे बकऱ्यांत जाऊन बसला. आम्ही नको नको म्हणतोय, तर शेतकरी म्हणतो, यल्ला, यल्ला, चला बसा. उम्म सलाल मोहम्मदला त्याच्या शेतावर नेलं, खजूर खायला घातले, दोरी लावून गाडी ओढून आणली. अबू नासिर त्याचं नाव. रात्री खोलीवर आल्यावर पास्कू पहिल्यांदा बोलला. मला वाटलं आता बाटलीचा विषय निघणार. तर म्हणाला, "वसंता, बघितलंस? त्याने भावाला उठवलं. परक्याला उठवता येत नाही. उठवायचं तर आपल्याच माणसाला." मी म्हटलं, हो, झोप आता. तेव्हाच त्याला गप्प करायला हवं होतं. साहेबाने अर्थातच ती गाडी आम्हाला विकायला साफ नकार दिला.

शेवटी मिळाली ती जपानी कूपे. दोनच सीट, मागे नुसती एक फळी, जिच्यावर बॅग मावेल आणि माणूस मावणार नाही. रंग पिवळसर तपकिरी, आकार लांबट आणि जरा वाकलेला. पास्कूने तिला बघताक्षणी नाव ठेवलं, सुकेळी. वसईची वाळवलेली केळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना ती गाडी न बघताही दिसेल. बाटलीच्या परीक्षेत ती पहिली आली, यावेळी बाटल्या त्याने आणल्या होत्या. फक्त एसी नको म्हणाला. दोह्यात. मी त्या सेल्समनसमोर त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो होतो. अरे, उन्हाळ्यात इथे स्टिअरिंगला हात लावला तर फोड येतो. तर म्हणतो, एसी पेट्रोल खातो, खिडकी काही खात नाही. आणि घेतली तशीच. आजही तशीच आहे.

फिलूला तार गेली. ती येणार त्या दिवशी पास्कूने सुकेळी इतकी पुसली की तिच्यात बघून त्याने भांग पाडला. घाबरला होता, म्हणाला तू पण चल. मी गेलो. आता हे जरा हळू वाचा, कारण आमच्या दोघांच्या अकलेचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही. वर्षभर शोधून निवडलेल्या दोन माणसांच्या गाडीतून आम्ही दोन माणसं, तिसरीला आणायला गेलो. ती बॅग घेऊन बाहेर आली आणि आम्हा तिघांना एकाच वेळी ते कळलं. मी लगेच म्हटलं, मी टॅक्सीने येतो, तुम्ही व्हा पुढे. इथवर सगळं सुधारता आलं असतं. पण तिच्याच विमानातून एक सुतार उतरला होता, नांदेडकडचा, हातात पत्र्याची ट्रंक, आणि त्याला न्यायला कंपनीचं कोणीच आलं नव्हतं. बाकी सगळे पांगले आणि हा आपला खांबाला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा. पास्कूने त्याच्याकडे एकदा बघितलं. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "पास्कू, नाही. जागा कुठे आहे?"

तो म्हणाला, "फिलूची आहे ना."

आणि तो त्या सुताराला घेऊन गेला. मी टॅक्सी करायला निघालो तर जाता जाता ओरडून सांगून गेला, माझी बायको पहिल्या दिवशी टॅक्सीतून येणार नाही, मी आलोच. त्या आलोचमध्ये, पुढे कळलं, सुताराचा कॅम्प शोधणं, तो सापडल्यावर तिथे जेवणं उरकलीत म्हणून त्याला कुठेतरी खायला घालणं, हे सगळं आलं. इकडे विमानतळाबाहेर फिलू स्वतःच्या बॅगेवर बसली, लग्नातल्यासारखी चापून चोपून नेसलेली साडी, मांडीवर पर्स, आणि मी शेजारी उभा. सुकेळी गेली त्या रस्त्याकडे तिने एकदा बघून घेतलं. मग विचारलं, "ही गाडी निवडली कोणी?"

"आम्ही दोघांनी, वहिनी."

"दोघांनी मिळून," ती म्हणाली. "मग बरोबर."

त्यानंतर तिने पर्समधून क्रोशाची सुई आणि दोरा काढला आणि विणायला लागली. पुढची पंचेचाळीस-पन्नास वर्षं, माझ्या मते, ती तेच विणते आहे.

तिला इथल्याच एका हॉस्पिटलात नोकरी लागली. सुटी झाली की पास्कू सुकेळी घेऊन दारात हजर. ती बसायची, आणि अल नस्रच्या जरा अलीकडे एक चहाची टपरी होती तिथवर दोघं नवरा-बायको असायचे. टपरीच्या आसपास कोणी ना कोणी उभं असायचंच. पास्कू वेग कमी करायचा, फिलू त्याच्याकडे बघायची, आणि उतरायची. तो त्या माणसाला सोडून परत येईपर्यंत ही टपरीबाहेरच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स, हातात सुई. सगळी टपरी तिला ओळखायला लागली, तिची खुर्ची ठरली. दोन सीटच्या गाडीचा हा फायदा आम्ही कोणीच धरला नव्हता: चार सीटची असती तर एका खेपेत काम झालं असतं. हिला एकेका माणसागणिक जाऊन यावं लागायचं. ॲव्हरेज उपयोगी पडलं म्हणायचं.

ती गप्प बसणारी नव्हती, असं समजू नका. एकदा म्हणाली, आज नाही. आज सरळ घरी. पास्कू बरं म्हणाला आणि हात दाखवणाऱ्या माणसाला मागे टाकून पुढे गेला. पुढे गोल चौक. त्याने चौकाला एक फेरी मारली. घराचा रस्ता आला, गेला. दुसरी फेरी मारली. फिलू सांगते, नुसता फिरतोय, घाण्याला जुंपल्यासारखा, कपाळावर घाम. शेवटी तीच म्हणाली, खलास, फिरव मागे, मला चक्कर येते आहे. मी हे ऐकलं तेव्हा त्याच्याशी भांडायला गेलो. तुला बायकोपेक्षा रस्त्यावरची माणसं जवळची का, असं विचारलं. तो कितीतरी वेळ काचा पुसत राहिला. मग म्हणाला, "तिला उतर म्हणता येतं, वसंता. ती परत बसते."

हॉर्नची गोष्ट माझ्या खात्यावरची. एकदा सुकेळीचा हॉर्न बंद पडला. मी स्टोअरमधला एक स्विच लावून दिला, तेव्हापासून हॉर्न एकदा दाबला की दोनदा वाजतो. पीप-पीप. आजतागायत. मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घे, लोक हसतात. पण फिलूला टपरीवर तो लांबून ऐकू यायचा, आणि गाडी दिसायच्या आधी ती सुई-दोरा पर्समध्ये टाकून उठून उभी असायची. पास्कू म्हणाला, राहू दे, तुझं हे एकच काम बरोबर झालंय.

मुलगी झाली, ज्युडी, तेव्हा घरात दुसरी, चार माणसं बसतील अशी गाडी आली. सुकेळी वसईला कधी गेलीच नाही. खड्डे बुजले नाहीत म्हणून नव्हे, तिच्याविना इथल्या लोकांचं कसं होणार म्हणून. अबू नासिरने त्याच्या शेतावरच्या शेडमध्ये तिला जागा दिली. तो गेला, आता त्याचा मुलगा शेडची किल्ली सांभाळतो. मी मुलाकडे अल अझीझियाला, पास्कू आणि फिलूवहिनी ज्युडीकडे अल नस्रला. म्हातारपणात शुक्रवारची ती एक फेरी, आणि ती टपरी. टपरीचं आता काचेचं दुकान झालंय, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, लोक गाडीतूनच हॉर्न वाजवून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, मागवतात. एक खुर्ची मात्र अजून भिंतीकडे वळवून ठेवलेली असते. पोरांना कारण माहीत नाही, मालकाला आहे.

पास्कूला वसईला नेऊन पुरलं. वहिनी महिन्याभराने परत आल्या. सुकेळीला मागणी आली होती, एका तरुण कतारी माणसाला जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे, आणि ज्युडीचं म्हणणं, आई, देऊन टाकूया, शेडमध्ये सडण्यापेक्षा बरं. वहिनींनी मला फोन केला. म्हणाल्या, भाऊजी, गाडी जायच्या आधी मला तिच्यातून एकदा घरी आणा. उम्म सलालपासून ज्युडीच्या दारापर्यंत. मध्ये थांबायचं नाही, कोणाला घ्यायचं नाही. एकदा मला ती जागा शेवटपर्यंत हवी आहे.

मी शब्द दिला. मुलाने माझ्या वयाकडे बघून काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मागच्या महिन्यातल्या एका दुपारी शेडमधून सुकेळी काढली. आत बसताना माझा एक पाय बाहेरच राहिला, तो वहिनींनी उचलून आत घातला. खिडक्या उघड्या, बाहेरची हवा भट्टीसारखी. वहिनींनी हात सीटवर ठेवला. ड्रायव्हरची सीट फाटणं मी समजू शकतो, पण शेजारची तिच्याहून जास्त झिजलेली, उसवलेली, दोनदा वेगळ्या कापडाने शिवलेली.  मी रस्ताभर बोलत होतो, मुद्दाम, काहीबाही, म्हणजे त्यांचं बाहेर लक्ष जाऊ नये. शहर जवळ आलं. आणि एका बसथांब्यावर, जिथे सावलीला काहीही नाही, कामाच्या निळ्या कपड्यातला एक माणूस उभा, खांद्याला हत्यारांची पिशवी. हातही दाखवला नाही बिचाऱ्याने, नुसता गाडीकडे बघत राहिला. मी वेग वाढवला. शब्द म्हणजे शब्द. पुढे गेलो, चौक पार केला.

"भाऊजी, मागे घ्या."

मी म्हटलं, "वहिनी, आपलं ठरलंय. आणि जागा कुठे आहे?"

"माझी आहे ना," त्या म्हणाल्या.

मी वळवली. दुसरं काय करणार. त्याला थांबायला सांगितलं, आधी वहिनींना जवळच त्या चहाच्या दुकानापाशी सोडलं, आणि त्या उतरल्या, पदर सारखा केला, पर्स घेतली, आणि सरळ भिंतीकडच्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग मी परत जाऊन त्याला घेतलं. परभणीकडचा निघाला, एसी दुरुस्तीचं काम करणारा. कंपनीची बस चुकली होती. बसल्या बसल्या त्याने डॅशबोर्डवर एसी शोधला, खालून वरून पाहिलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हिच्यात बसवून देऊ का? होतं जुळवून." मी म्हटलं, ती पेट्रोल खाईल. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. पुढे म्हणाला, "मघाशी शेजारी कोण होत्या? माझ्यामुळं उतरल्या का?" मी म्हटलं, नाही रे, त्यांना चहा प्यायचा होता. त्याचा कॅम्प मला काही केल्या सापडेना. दोन चौक चुकलो, एकाच चौकाला तीन फेऱ्या मारल्या. पास्कूला मी आयुष्यभर उशिरावरून बोललो, आणि पहिल्याच खेपेला त्याच्याहून जास्त उशीर केला.

परत येताना दुकानाच्या जरा अलीकडे एक व्हॅन आडवी आली, म्हणून मी हॉर्न दाबला. दाबला एकदाच.

लांबून दिसलं. वहिनी उठल्या. सुई-दोरा पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि खुर्ची मागे सरकवून रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. सुकेळी जवळ आली. त्यांनी वाकून खिडकीतून आत बघितलं... आणि मी दिसलो.

त्या परत जाऊन खुर्चीत बसल्या. मीही इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो. एकट्याने त्या गाडीतून मला उतरता येत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी आतल्या पोराला दोन बोटं दाखवली, दोन करक आले. एक त्यांनी खिडकीतून मला आणून दिला.

"ज्युडीला सांगा," त्या म्हणाल्या, "गाडी मागणाऱ्या त्या मुलाला म्हणावं, थोडं थांब."